सोमवारी भरलेला आठवडा

३ मार्च, सोमवार

सापडला!

अकरा वर्षं. आणि आला तो स्वतःच्या पायांनी, थेट माझ्या टेबलावर. शिपाईमामांनी फाइल आदळली. म्हणाले, "घ्या मॅडम, फूटपट्टीचं बाळंतपण आटोपलं एकदाचं." त्याला सगळे फूटपट्टीच म्हणतात. खिशाला कायम सहा इंची स्टीलची पट्टी. विभागप्रमुख झाला तरी पट्टी तिथेच.

लेख म्हणजे काचेच्या धाग्यांची आणि राळेची कांडी. काँक्रीटमध्ये लोखंडी सळईऐवजी घालायची, गंजत नाही. कांडी भट्टीत किती तास भाजली तर किती ताण सोसते, एवढाच प्रश्न. बारा वर्षांच्या चाचण्या, चौदा तुकड्या. संस्थेच्या वार्षिक संग्रहात पहिला लेख हाच.

तक्ता चार. तुकडी सात. १८ जून. भट्टीत सहा तासांऐवजी दोन तास. एक्केचाळीसवर मोडली. बाकीच्या सगळ्या सत्तरच्या पुढे.

अठरा जून! बाबांच्या मशीनवरची शेवटची कांडी.

आणि खाली, मुंगीएवढ्या टायपात तळटीप — "सदर यंत्र २५ जून रोजी बाहेरील प्रयोगशाळेकडून तपासून घेण्यात आले. दोष आढळला नाही."

तळटीप चार वेळा वाचली. मग उठून बेसिनवर तोंड धुतलं. आरशात मी हसत होते.

४ मार्च, मंगळवार

डोकं तापलंय. सगळं क्रमाने मांडते, म्हणजे चूक होणार नाही.

बाबा याच संस्थेत मिस्त्री होते. कांड्या ओढून तोडायचं मशीन त्यांच्या ताब्यात. रोज सकाळी त्याला ठरावीक वजन अडकवायचं, पडद्यावर तोच आकडा येतो का बघायचं, वहीत लिहायचं — 'ठीक'. मग दिवसभराच्या चाचण्या.

अठरा जूनला कांडी मोडली आणि कपची उडून एका विद्यार्थिनीच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळा गेला.

चौकशीत फूटपट्टी म्हणाला — माझी कांडी एक्केचाळीसवर मोडूच शकत नाही. पडदा कमी दाखवत होता. खरा ताण कितीतरी जास्त पडला असणार. मशीन चुकलं, कारण मिस्त्रीने ते सकाळी तपासलंच नाही. वही मागवली. त्या आठवड्याचं पान नव्हतं. बाबा गप्प. नऊ जुलैला त्यांना काढलं.

आता तोच माणूस तेच एक्केचाळीस खरं म्हणून छापतोय. म्हणतोय, कांडी कच्ची होती, भट्टीतून लवकर काढली होती, म्हणून मोडली. म्हणजे तेव्हा तरी खोटं बोलला किंवा आता तरी. मशीनमध्ये दोष नाही हा कागद पंचवीस जूनला त्याच्या हातात होता. नऊ जुलैला तो कागद कुठे होता?

मग हे छापायला दिलंच कशाला? फाइलीत उत्तर आहे. बाहेरच्या परीक्षकाने विचारलं होतं, जुन्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा? उत्तर दिलं नसतं तर तुकडी सात गळाली असती. आणि तुकडी सात नसेल तर त्याच्या आलेखाला खालचं टोकच राहत नाही. या लोकांना आकडा टाकवत नाही. माणूस टाकवतो.

५ मार्च, बुधवार

संपादकाचा नियम सोपा आहे. शंका आली की समासात लिहायची, लेखकाला विचारायची. मी विचारणार नाही. एक अक्षर लिहिणार नाही. स्वल्पविराम मात्र एकूण एक दुरुस्त करीन. देखणा छापीन लेख.

अठ्ठावीसला संग्रह निघतो. निघाला की मागे घेता येत नाही. मग संचालकांना पत्र, नियामक मंडळाला पत्र, चौदाही विभागांना पत्र. सोबत तक्ता आणि चौकशीचा अहवाल. शेजारी शेजारी. एक शब्दही माझा नको.

मी कोण हे इथे कुणालाच ठाऊक नाही. नवरा सोडून गेला, आडनाव राहिलं. आज त्याचा उपयोग होतोय.

६ मार्च, गुरुवार

पाणी गाळायच्या मातीच्या चकत्यांवरची अकरा पानं तपासली. 'असे आढळून आले' चौतीस वेळा. कोणाला आढळलं? बॅटरीच्या लेखात तेच, कृत्रिम पावलाच्या लेखात तेच. साहित्य शिकून आले आणि पाच वर्षं अशी वाक्यं वाचतेय ज्यांत माणूसच नसतो. कांडी मोडली. डोळा गेला. मिस्त्री कमी करण्यात आला.

७ मार्च, शुक्रवार

खोडरबर आली होती. फूटपट्टीची संशोधक विद्यार्थिनी. हातात सतत रबर, पेन्सिलीने लिहिते आणि लगेच पुसते. लेखावर पहिलं नाव तिचं.

"ताई, रागावू नका हं. तक्ता चार जरा बघाल? मला काहीतरी खटकतंय."

मी मान वर केली नाही. "काय खटकतंय?"

"मूळ आकड्यांत अठरा जूननंतर तीन आठवडे एकही नोंद नाही. आधी रोज आहे. म्हणजे मशीन बंद होतं का? जुनं सगळं सरांकडूनच आलंय, मला नुसते आकडे मिळाले."

"सुट्टी असेल."

"जूनमध्ये?"

"अगं, असते एकेकाची. तक्ता ठीक आहे. मी ताडून पाहिलाय."

"नक्की ना ताई? माझी पदवी अडकलीय यात. आई रोज विचारते, पुस्तक आलं का. तिला वाटतं गोष्टींचं पुस्तक आहे."

हसली बिचारी. मीही हसले.

पहिलं नाव तिचं आहे. चिखल तिच्यावरही उडेल. मी काय करू? बाबांच्या वेळी कोणी पाहिलं होतं, कोणावर उडतोय?

८ मार्च, शनिवार

बाबा हल्ली एक डोळा मिटून चहा ओततात. बशीत सांडतो. "काय हे बाबा?" म्हटलं तर "काही नाही गं." परवा सुईत दोरा ओवत होते, तसंच.

चौकशीचा अहवाल मागितला. "आणि वहीतल्या त्या आठवड्याच्या पानाचं काय झालं, ते एकदा सांगा तरी."

ते शेजारच्यांचा मिक्सर उघडून बसले होते. स्क्रू ओळीने मांडलेले. "जुनं उकरू नकोस."

"त्या माणसाने तुमचा गळा कापला."

"नाही. त्याचे उपकार आहेत माझ्यावर."

उपकार! मी ताट आपटलं. बाबांनी घरंगळलेला एक स्क्रू शोधून परत ओळीत ठेवला.

९ मार्च, रविवार

पत्राचा मसुदा केला. फार लांब झाला. फाडला. दुसरा तीन ओळींचा. तो बरा आहे. तो लागेल.

१० मार्च, सोमवार

सोमवारचं काम — चिठ्ठ्या. प्रत्येक लेखाला एक तपासणी-चिठ्ठी लागते. 'भाषा तपासली. तक्ते मुळाशी ताडून पाहिले.' सही, तारीख. आठवड्याच्या सगळ्या एका बैठकीत उरकते. मंगळवारच्या तीन, बुधवारच्या चार, अशा. नंतर नुसत्या टाचत जायच्या. नाहीतर रोज तेच तेच कोण करणार.

दुपारी फूटपट्टीचा लेख अंतिम मंजुरीसाठी त्याच्याकडे रवाना. शिपाईमामा फाइल तोलून म्हणाले, "वजनदार आहे हो!"

म्हटलं, "आहेच."

११ मार्च, मंगळवार

राहवलं नाही. तक्त्याची प्रत घरी आणली.

संध्याकाळी बाबांसमोर ठेवली. चष्मा लावला त्यांनी. आडव्या ओळीवर बोट ठेवून वाचतात, ओठ हलवत. तुकडी पाच. सहा. सात. बोट थांबलं. मग खाली, तळटीपेवर. ती किती वेळा वाचली ते मोजलं नाही.

"पंचवीस जून?"

"हो बाबा."

"दोष नाही?"

"नाही. त्याला पंचवीसलाच कळलं होतं. तुम्हाला काढायच्या दोन आठवडे आधी."

ते उठले. कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला. आत बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळ्यांत खाली घडी घातलेलं एक पान. वहीतून फाडलेलं.

१६ जून, वजन अडकवले, ठीक. १७ जून, वजन अडकवले, ठीक. १८. १९. २०. पाच ओळी. एक शाई, एक हात, एका दमात लिहिलेल्या.

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. अठराला दुपारी खोलीला सील लागलं होतं. एकोणीस आणि वीसला बाबा आत जाऊच शकत नव्हते.

"सोमवारी बसून आठवड्याचं भरून टाकायचो," बाबा म्हणाले. "ते मशीन कधी चुकायचंच नाही गं."

"अठराला सकाळी वजन अडकवलं होतं?"

"नाही."

त्या अठराच्या संध्याकाळी फूटपट्टीच घरी आला होता. मी तेव्हा सासरी होते. पान त्याने स्वतः फाडून आणलं होतं. म्हणाला, मिस्त्री, हे बाहेर आलं तर खोटी नोंद, पोलीस केस. पान नसेल तर नुसता हलगर्जीपणा. नोकरी जाईल, पण घरी जाल. बाबांनी पान घेतलं. त्याला नमस्कार केला. पाया पडलो, म्हणाले.

"मी समजत होतो, त्या मुलीचा डोळा माझ्यामुळे गेला."

अकरा वर्षं.

मग त्यांनी डावा डोळा मिटला. उघडला. परत मिटला. ते चहाचं मला तेव्हा उमजलं.

मी पत्र बदलणार. तीन ओळी पुरणार नाहीत. नोकरी घेतली असती तर एक वेळ सोसलं असतं. याने म्हाताऱ्याला रोज सकाळी एका मुलीचा डोळा फोडायला लावला, आणि वर आभार मानून घेतले.

१२ मार्च, बुधवार

जसं घडलं तसंच लिहिते.

सकाळी अकरा वाजता फूटपट्टी आला. दार लोटून घेतलं. खुर्चीवर बसला नाही. खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, ती उडू नये म्हणून वर पट्टी.

"तारीख वाचा."

माझी सही. माझी तारीख. "चौदा."

"आज काय?"

"बारा."

"आणि माझ्याकडे आली दहाला. लेख तपासून व्हायच्या चार दिवस आधीच तपासून झाला! वडिलांची सवय का?"

गठ्ठ्यातली खालची चिठ्ठी लागली असणार. शुक्रवारची.

तो पट्टीची कड नखाने घासत होता.

"मुलाखतीच्या दिवशीच ओळखलं होतं. पेन तसंच धरता, अंगठा वर करून."

"मग घेतलंत कशाला?"

"काम चोख करता. आणि मला वाटलं..." थांबला. "जाऊ द्या."

काय वाटलं? फेड होईल, असं? विचारलं नाही. त्याला ते सुख का द्यायचं?

मग सरळ आवाजात, वर्गात सांगावं तसं: "सातवी ओळ मी काढतोय. तळटीपही. परीक्षकाला कळवतो, जुनी तुकडी वगळली. मुलीने काल विचारलं, मध्ये तीन आठवडे नोंद का नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुमच्या ते आधीच आलं होतं. तिला म्हणालात, सुट्टी असेल." हसला. "ही चिठ्ठी तुमच्यापाशीच ठेवा. समितीपुढे गेली तर पाच वर्षांतल्या तुमच्या सगळ्या सह्या उघडून बघतील. पुढच्या तारखा घातलेल्या किती निघतील?"

"आणि मशीन?"

"कुठलं मशीन?"

पट्टी उचलून खिशाला लावली. चिठ्ठी माझ्या बाजूला सरकवली.

मी घेतली.

लिहिते परत, म्हणजे नंतर विसरायची सोय राहणार नाही. मी हात पुढे केला आणि घेतली. 'थँक यू' सुद्धा म्हणाले. तोंडातून निघून गेलं!

१३ मार्च, गुरुवार

सकाळी सुधारलेला तक्ता आला. तेरा तुकड्या. आलेखाचं खालचं टोक कापलेलं. खोडरबर स्वतः घेऊन आली होती, डोळे सुजलेले. "ताई, दोन तासांचा आकडा गेला म्हणजे माझा निष्कर्षच गेला. सर म्हणतात, ती नोंद भरवशाची नव्हती." टेबलाची कड रबराने घासत राहिली. "तुम्ही तर म्हणालात, तक्ता ठीक आहे."

ठीकच होता. पूर्ण तक्त्यात तेवढी एकच ओळ खरी होती.

दिवसभर दुसरं काही केलं नाही. धान्य वाळवायच्या यंत्राचा लेख समोर उघडा ठेवून फूटपट्टीचं काय काय करावं ते योजत बसले. त्याची पट्टी मोडावी. गाडीचे टायर. निनावी पत्र. सगळं पोरकट. खरं हत्यार एकच होतं आणि ते मी एका चिटोऱ्याला विकलं.

संध्याकाळी बाबांना सांगणार नव्हते. पर्समधून किल्ली काढताना चिठ्ठी खाली पडली. त्यांनी उचलली. सही बघितली, तारीख बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"कधी केलीस?"

"सोमवारी."

"सगळ्या आठवड्याच्या?"

"हो."

मग त्यांना हसू आलं. मलाही आलं. दोघं हसलो, वेड्यासारखे, मी भिंतीला टेकून.

हसणं थांबल्यावर म्हणाले, "त्यानेच परत दिली?"

"हो. ओळ काढायच्या बदल्यात."

"माझंही असंच." चिठ्ठी टेबलावरच्या घड्याळाखाली सरकवली. "पाया पडलीस?"

"थँक यू म्हणाले."

"तेच ते."

जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, इस्त्री कुठे ठेवली आहेस.

१४ मार्च, शुक्रवार

उशिरा उठले. घरात बाबा नाहीत. डबा टेबलावर उघडा. वहीचं पान नाही. तक्त्याची प्रत नाही.

साडेदहाला शिपाईमामांचा फोन. "मॅडम, आज येत नाही का? इथे काय चाललंय बघा! आपले जुने मिस्त्री आलेत, अकरा वर्षांनी. संचालकांच्या दाराशी बाकावर बसलेत, इस्त्रीचा शर्ट. हातात दोन कागद. चहा दिला, नको म्हणतात. म्हटलं, घरी कोण कोण असतं? म्हणाले, कोणी नाही. एकटाच आहे. मूलबाळ नाही."

घड्याळाखालची चिठ्ठी तशीच होती. त्यांनी हात लावलेला नाही.

आज तिच्यावरची तारीख बरोबर आहे. घेतली. निघते.